आखूड हौद्यातला हिच

मित्रांनो, मला हिच म्हणतात. जुना आहे मी, सव्वीस वर्षांचा, आणि सध्या कॅन्ससमधल्या एका शेडच्या दाराशी दोन लाकडी ठोकळ्यांवर बसून आहे. येणारेजाणारे मला भंगार समजतात. समजोत बापडे.

हिच म्हणजे काय, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसेल. तुमच्याकडे उसाची ट्रॉली ट्रॅक्टरला ज्या पिनेने अडकवतात, तिचा मी लांबचा भाऊ. मात्र तिच्यापेक्षा पुष्कळ दांडगा. पिकअप गाडीच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या बरोबर वर, मला बोल्ट मारून बसवतात. माझ्या अंगावर एक मोठी लोखंडी थाळी आहे आणि थाळीच्या मधोमध जबडा. गाडीमागून जे चाकांवरचे घर ओढत न्यायचे असते, त्याला पुढच्या बाजूला पोलादी खुंटा असतो. तो खुंटा थाळीवरून घसरत येतो, माझ्या जबड्यात शिरतो आणि जबडा खट्‌कन मिटतो. मग ते घर माझ्या हवाली. चढ येवो, उतार येवो, आडवा वारा येवो, मी सोडत नाही.

एवढे एकच काम मला येते. धरायचे आणि जागचे हलायचे नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झाले ते यातूनच झाले.

माझा जन्म इंडियानातल्या एका कारखान्यात झाला. मला जोडणारी बाई दिवसभर शिट्टी वाजवत वेल्डिंग करायची. तिने माझ्यावर काळा रंग मारला, यंत्राला लावून मला दोन्हीकडून ओढून पाहिले आणि पाठीवर खडूने बरोबरची खूण केली. त्या खुणेचा मला फार अभिमान वाटला होता. पहिल्याच पावसात ती धुऊन गेली, ही गोष्ट वेगळी.

मला विकत घेतले ते डेलबर्ट उनरूने. तो कापणीवाला होता. कापणीवाल्यांचे आयुष्य गव्हाच्या मागे मागे चालते. मे महिन्यात टेक्सासमधला गहू पिकतो, मग ओक्लाहोमातला, मग कॅन्ससमधला, आणि असे पिकत पिकत ऑगस्टात पीक पार मोंटानाला पोचते. ही माणसे आपली हार्वेस्टर यंत्रे ट्रकवर चढवतात आणि एकेका गावचा गहू कापत उत्तरेकडे सरकतात. बायकामुले, भांडीकुंडी, बायबल, लोणच्याच्या बरण्या, सगळे चाकांवरच्या घरात. ते घर ओढायचे काम माझे.

डेलबर्टची बायको वर्ना पिकअप चालवायची आणि डेलबर्ट खाली उतरून हाताच्या खुणा करायचा. हात गोल फिरवला की अजून वळव. दोन तळहात समोरासमोर धरले की त्यांच्यात जेवढे अंतर तेवढी जागा उरली. मूठ वर केली की थांब. वर्नाचा एक कडक नियम होता. घर मागे घेताना चालवणाऱ्याने आरशात फक्त खुणा करणाऱ्याचा हात बघायचा, बाकी कुठेही बघायचे नाही. "डोळे माझे आणि हात तुमचा," असे ती डेलबर्टला म्हणायची, "मध्ये तिसरं कोणी बोललं तर मी खाली उतरून चालत घरी जाईन." सगळे कापणीवाले हा नियम पाळतात. त्यावरच त्यांची घरे सुखरूप उभी राहतात.

आणि घर जोडून झाले की डेलबर्टचा एक रिवाज होता. जबडा मिटला की तो कुलपाची खिटी घालायचा, वर्ना गाडी जरा पुढे ओढून बघायची, मग तो हौद्याच्या कडेवर दोन थापा मारून ओरडायचा, "धरलंय!" आतून वर्ना ओरडायची, "निघाले!" त्याशिवाय आमची गाडी कधीच हलली नाही.

चोवीस हंगाम मी काढले. एकदा साउथ डकोटात असे वादळ आले की शेजारची तीन घरे आडवी झाली. आमचे घर पिकअपला जोडलेलेच होते, ते हादरले, करकरले, पण राहिले. वादळ गेल्यावर डेलबर्टने चार माणसांदेखत माझ्या थाळीवर थाप मारली आणि म्हणाला, "याच्यासारखा सोयरा मिळायचा नाही." पुढे कित्येक वर्षे पेट्रोल पंपावर भेटणाऱ्या प्रत्येक माणसाला ती गोष्ट ऐकावी लागली. वादळ दर वर्षी थोडे वाढत गेले. मला त्याबद्दल तक्रार नव्हती.

मग वर्ना गेली. त्यानंतर डेलबर्टचे डोळे गेले. सगळे नाही, पण मधले दिसेना. माणसाच्या चेहऱ्याभोवतीची टोपी दिसायची, चेहरा दिसायचा नाही. लायसन्स गेले, हार्वेस्टरवरची सीट गेली. धंदा त्याचा मुलगा गेलन बघू लागला, आणि घर ओढायची पिकअप सून ट्विलाच्या हाती आली. डेलबर्टकडे दोनच कामे उरली. घर जोडायचे, ते तो हाताच्या स्पर्शाने करायचा, आणि खुणा करायच्या, त्या तीस वर्षांच्या सवयीने.

एकदा शेडमध्ये मला ग्रीस लावताना तो हळूच म्हणाला होता, "तू आहेस तोवर मला घेऊन जातील रे. तुझं कुलूप माझ्याच बोटांना कळतं. तू गेलास की मी घरी टोमॅटोला पाणी घालणारा म्हातारा."

हे फक्त मी ऐकले. आणि ऐकून करणार काय? मला तोंड नाही, नुसता जबडा आहे.

गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये जुनी पिकअप कायमची बसली. गेलनने दुसरी आणली, लाल रंगाची, चार दारांची. पाच वर्षांच्या लेकीची, जोसीची, सीट मागे नीट बसावी म्हणून त्याला चार दारे हवी होती. पण केबिन लांब झाले तसा हौदा आखूड झाला. जुन्या गाडीचा हौदा आठ फुटांचा होता, हा साडेसहाचा. गेलनने मला उचलून त्यात ठेवले आणि ट्विला टेप घेऊन आली.

"गेलन, घराची रुंदी किती?"

"आठ फूट. तुला माहीत आहे की."

"निम्मी?"

"चार. आता पाढे म्हणून घेणार आहेस का?"

"हे बघ मग. हिचच्या जबड्यापासून मागच्या काचेपर्यंत तीन फूट दोन इंच."

गेलनने टोपी मागे सारली. मित्रांनो, तुम्हीही हे वहीवर काढून बघा. घर माझ्या जबड्याभोवती फिरते. जबड्यापासून घराच्या कोपऱ्यापर्यंत चार फूट, आणि काचेपर्यंत तीन फूट दोन इंच. गाडी सरळ आहे तोवर काही होत नाही. पण काटकोनात वळवली, तर घराचा कोपरा जाणार कुठे?

"आत येईल कॉफी प्यायला," ट्विला म्हणाली.

"मग हिच मागे बसवू."

"चाकांच्या मागे? सगळं वजन शेपटीवर गेलं की पुढची चाकं जमिनीला टेकणार नाहीत. स्टिअरिंग फिरवत बसेन मी नुसती."

तेवढ्यात डेलबर्ट भिंत चाचपत आत आला. "काय मोजताय दोघं? गाडीला झगा शिवायचाय का?"

"डॅड, हौदा आखूड आहे," ट्विला म्हणाली. "या गाडीला सरकणारा हिच लागेल. वळताना तो घराला फूटभर मागे नेतो आणि वळण झालं की जागेवर आणतो."

डेलबर्ट हसला. "सरकणारा? अगं, ज्याला धरायला ठेवलाय तोच सरकायला लागला तर धरायचं कोणी? चोवीस वर्षांत यानं एकदा सोडलं नाही. एकदा!"

"सोडत नाही हे मला मान्य आहे, डॅड. पण हा हलतही नाही."

"हिचनं हलूच नये!"

असे म्हणून त्याने माझ्या थाळीवर हात ठेवला. मग त्याची बोटे सवयीने कुलपाची खिटी शोधू लागली. गेलनने ते पाहिले. बापाच्या हातातले शेवटचे काम आपण काढून घेतोय, हे त्याला कळत होते आणि काच तीन फूट दोन इंचांवर आहे हेही दिसत होते. त्याने टोपी पुन्हा पुढे ओढली. मग म्हणाला, "बरं, डॅड. यंदा हाच राहू दे. ट्विला, तू वळणं जरा मोठी घे, म्हणजे झालं."

"मोठी वळणं घ्यायला टेक्सासमध्ये जागा आहे. बाकीच्या राज्यांचं काय करू?"

"पुढच्या वर्षी बदलू. शब्द देतो."

ट्विलाने टेप सोडला आणि तो सर्रकन डबीत गेला. तिने पुढे वाद घातला नाही. खोटे कशाला बोलू, मला त्या दिवशी बरे वाटले. तिचे माप खरे आहे हे मला सगळ्यांत आधी कळले होते, काच माझ्या समोरच तर होती. तरीही मला भंगारात जायचे नव्हते आणि म्हाताऱ्याने घरी बसू नये असेही वाटत होते. ओरडता आले असते, तर मी त्या दिवशी ओरडलो असतो का? विचार करतो आणि उत्तर सापडत नाही.

त्या वर्षी टेक्सास पार पडले. ओक्लाहोमा पार पडले. तिथली शेते मैलमैल मोकळी. ट्विला एवढी मोठी वळणे घ्यायची की गेलन वायरलेसवर विचारायचा, "काय गं, कॅनडाला चाललीस का?" रात्रीच्या जेवणाला ती कोबी-खिमा भरलेले पाव भाजायची, तेव्हा डेलबर्ट मुद्दाम म्हणायचा, "मला तीन फूट दोन इंचांचा एक वाढ." सगळे हसायचे. ट्विलाही हसायची. तिसऱ्या गावानंतर तिने टेप खणात टाकला. माझा जीव मात्र टांगणीला लागलेला होता, कारण दर वळणाला घराचा कोपरा काचेकडे यायचा, वीतभर अंतरावर थबकायचा आणि परत जायचा. हे फक्त मला दिसत होते.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आम्ही नेब्रास्कात पोचलो. गावच्या जत्रेच्या मैदानात कापणीवाल्यांना उतरायला जागा देतात. आम्हाला मिळाली ती गुरांची शेड आणि पाण्याचा नळ यांच्या मधली पट्टी. पश्चिमेला आभाळ हिरवट झाले होते. हिरवट आभाळ म्हणजे गारा, आणि शेतात गहू उभा. गेलन हार्वेस्टर घेऊन तडक शेतावर गेला होता. ट्विलाने घर मागे घेऊन बसवायचे आणि जेवण घेऊन शेतावर धावायचे, असे ठरले होते. डेलबर्ट खाली उतरला. मागच्या सीटवर, ट्विलाच्या बरोबर मागे, जोसी झोपली होती.

ट्विलाने काच खाली केली. "डॅड, जोसीला उतरवू का आधी?"

"झोपू दे गं पोरीला. दोन मिनिटांचं काम."

"जागा अरुंद आहे."

"वर्नानं याहून अरुंद जागेत लावलंय. तू माझा हात बघ."

आणि तिने हात बघितला. नियमच तो. आरशात सासऱ्याचा हात, बाकी कुठेही नाही. डेलबर्ट मागे नळापाशी उभा होता. नळ कुठे आहे ते त्याने पायाने चाचपले होते आणि घराची मागची कड नळाला लागू नये, एवढेच तो डोळ्यांच्या कडेने बघत होता. त्याने हात गोल फिरवला. अजून वळव. ट्विलाने वळवले. अजून. तिने अजून वळवले. आठ फुटांच्या हौद्यात हे वळण बसले असते. त्याच्या हातात तीस वर्षे मुरलेले वळण होते ते, आणि तो हात अजून जुन्याच गाडीला खुणा करत होता.

कोपरा आला. वीतभरावर आला. चार बोटांवर आला. मित्रांनो, त्या वेळी माझ्या जबड्यात घराचा खुंटा होता. मी फूटभर मागे सरकलो असतो, तर सगळे निभावले असते. नुसता फूटभर. किंवा जबडा उघडला असता, घर दाणकन हौद्यात पडले असते, हौदा चेपला असता, पण कोपरा थांबला असता. मी दोन्हीपैकी काही करू शकत नव्हतो. मी धरून ठेवले. ज्यासाठी माझे चोवीस वर्षे कौतुक झाले, तेच मी केले.

काच फुटल्याचा आवाज मोठा नव्हता. मोठी होती ती जोसीची किंकाळी.

ट्विलाने करकचून ब्रेक दाबला. पण मागे नळापाशी डेलबर्टचा हात अजून गोल फिरत होता. त्याला वाटले, शेडमध्ये कोणी बादली पाडली आणि कुणाचे तरी पोर ओरडले. ट्विला दार उघडून ओरडली, "डॅड, थांबा! थांबा!" तेव्हा तो हात हवेतच थांबला. मग त्याची मूठ झाली. थांब, अशी खूण. सगळे झाल्यावर.

काचेचे दाणे दाणे झाले होते आणि केबिनची मागची चौकट आत दबून जोसीच्या कपाळाला लागली होती. भुवईच्या वर सात टाके पडले. डोळा वाचला. अर्धा इंच खाली लागले असते तर वाचला नसता, असे डॉक्टरीण म्हणाली. हे ट्विलाने गेलनला सांगितले तेव्हा ती दोघे गाडीपाशीच उभी होती, आणि डेलबर्ट घराच्या पायरीवर टोपी हातात धरून बसला होता. गारा येऊन गेल्या होत्या. गेलन गहू सोडून पळत आला होता, आणि गव्हाचे काय झाले ते कोणी कोणाला विचारले नाही.

"चूक माझी," गेलन म्हणाला. "मी मोजायला हवं होतं."

"मी मोजलं होतं," ट्विला म्हणाली.

ती हे मोठ्याने म्हणाली नाही. डेलबर्टला कोणीच काही बोलले नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. चार शब्द सुनावले असते तर त्याला जेवण तरी गेले असते, असे मला वाटते.

तिसऱ्या दिवशी काचेच्या जागी प्लास्टिक चिकटवून सगळे जण गावातल्या दुकानात गेले. जोसीने मागे बसायला साफ नकार दिला, ती पुढे आईला चिकटून बसली. दुकानदाराने मला बोल्ट काढून खाली उतरवले आणि दोन नवे हिच हातगाडीवर घालून आणले. दोन्ही सरकणारे. एकाला लांब दांडी होती. घट्ट वळण घ्यायच्या आधी कोणीतरी खाली उतरायचे, दांडी ओढायची, मग तो मागे सरकतो. वळण झाले की पुन्हा उतरून त्याला जागेवर आणायचे. दुसऱ्याला दांडीच नव्हती. गाडी वळली की तो आपणहून मागे जायचा, सरळ झाली की आपणहून पुढे यायचा. कुलूपही त्याचे आपोआप लागायचे. कोणी हात लावायला नको.

ट्विलाने लगेच दांडीवाल्यावर बोट ठेवले. "हा घेऊ. दांडी ओढायला डॅड आहेतच."

मित्रांनो, जिच्या मुलीच्या कपाळावर सात टाके होते, ती हे म्हणाली. गेलनने तिच्याकडे पाहिले आणि मान खाली घातली.

जोसी आजोबांचे बोट धरून माझ्याकडे बघत होती. "ग्रँपा, मला यानं मारलं?"

"नाही गं, राणी," डेलबर्ट म्हणाला. "यानं नुसतं धरून ठेवलं. बिचाऱ्याला तेवढंच येतं."

मग तो चाचपत हातगाडीपाशी गेला. दांडीवाल्या हिचवरून त्याने सावकाश हात फिरवला. दांडी एकदा ओढूनही बघितली. हाताला बरोबर बसत होती. मग त्याने दुसऱ्या हिचवर हात ठेवला आणि दुकानदाराला विचारले, "याला कोणी खाली उतरून काही करावं लागतं?"

"काहीच नाही, सर. सगळं आपोआप."

"म्हणजे यात माणूस लागत नाही."

"नाही, सर. तीच तर याची गंमत आहे."

"मग हाच द्या."

"डॅड," ट्विला म्हणाली, "दांडीवाला चांगला आहे. मजबूत आहे. तुम्ही असताना..."

"ट्विला, एक दिवस मी विसरेन गं."

दुकानदार उगाच हातगाडीचे चाक बघू लागला. मी फरशीवर पडून होतो. माझ्या मालकाने आपल्या हाताने आपले काम दुसऱ्याला देऊन टाकले, आणि ज्याला दिले त्याला ते काम कोणाचे होते हेही ठाऊक नव्हते. मला त्या नव्या हिचचा राग यायला हवा होता. आला नाही. तो जोसीच्या बाजूचा होता.

दुकानदार मला भंगारात घ्यायला तयार होता. डेलबर्टने नको म्हटले, म्हणून मी घराच्या एका कोपऱ्यात पडून बाकीचा हंगाम फिरलो आणि शरदात कॅन्ससला परत आलो.

यंदाच्या मे महिन्यात पुन्हा गाड्या निघाल्या. डेलबर्ट आदल्या दिवशीच म्हणाला होता, "मी मागे राहीन. टोमॅटोकडे कोणीतरी बघायला हवं." टोमॅटोची आठच रोपे आहेत. गेलन म्हणाला, "चला की, डॅड." ट्विला दोनदा म्हणाली. त्याने दोघांना हसून उडवून लावले, आणि खरे सांगायचे तर दोघांनी त्याहून जास्त आग्रह केला नाही. सकाळी ट्विलाने एकटीने घर जोडले. नव्या हिचचे कुलूप आपोआप लागले. डेलबर्ट अंगणात उभा होता. त्याचा हात थाप मारायला पुढे झाला, तोवर गाडी हलली होती. मग त्याने तो हात खिशात घातला. जोसी पुढच्या सीटवरून हात हलवत होती. तो तिच्या उलट दिशेला बघून हात हलवत राहिला, कारण त्याला ती नेमकी कुठे आहे ते दिसत नव्हते.

मित्रांनो, तुम्हाला माझे सांगणे एवढेच. जुन्या वस्तूवर माया जरूर करा, तिला तेलपाणी करा, पावसात टाकू नका. पण तिला जे येत नाही ते मायेपोटी तिच्या अंगावर टाकू नका. आणि घरात कोणी टेप घेऊन मोजले असेल, तर हसू नका. माझ्या लाडक्या मालकाने हसून घालवले आणि मीही मनातून हसलो. जोसीच्या कपाळावरची रेघ आम्ही दोघांनी मिळून काढली आहे.

आता तो रोज सकाळी न्याहारी झाली की शेडपाशी येतो. माझ्या थाळीला बोटाने ग्रीस लावतो, मला ग्रीसची काही गरज नसते तरी. माझी कळ ओढतो, जबडा खट्‌कन मिटतो. खिटी घालतो. दोन्ही हातांनी मला हिसका देऊन बघतो. मग थाळीवर दोन थापा मारतो आणि मोठ्याने म्हणतो, "धरलंय!"

माझ्या जबड्यात काहीही नसते. त्यालाही ते ठाऊक असावे. तरी तो मान जरा कलती करून थांबतो, पिकअपच्या खिडकीकडे कान द्यायचा तसा. मग खिटी काढून ठेवतो आणि टोमॅटोकडे जातो.

म्हणून म्हणतो, तुमच्यापैकी कोणी कधी सकाळच्या वेळी या रस्त्याने गेलात, तर कुंपणापाशी घटकाभर थांबा. तो "धरलंय" म्हणाला की तिथूनच एकदा "निघालो!" असे ओरडा. मला ते जमत नाही.